धाकूदादाला पाडलं त्याची गोष्ट

नागपंचमीच्या कुस्तीत मी धाकूदादाला पाडलं. चूक माझीच.

प्लेग यायच्या आधीची गोष्ट. कोकणातून येऊन मला तीन महिने झाले होते. परळच्या गिरणीत काम, लालबागला भागीमावशीच्या खानावळीत जेवण आणि संध्याकाळी तालीम. तालीम धाकूदादाची. तसं लालबागच त्याचं. माटुंग्याच्या माडांची चोरटी दारू त्याच्या माणसांच्या डोक्यावरून परळात यायची. दुकानदार त्याला हप्ता द्यायचे. गिरणीचा मुकादम त्याला विचारून माणूस कामावर घ्यायचा आणि पोलीस शिपाई समोरून त्याला आधी रामराम करायचा. दादा एके काळी गोदीत गोणी वाहायचा म्हणे. म्हणजे आमच्यातलाच. म्हणून तर मी त्याला देव मानायचो.

रिवाज असा, की नागपंचमीला दादा आखाड्यात उतरायचा. समोरचा जरा झटायचा, घाम दाखवायचा आणि पडायचा. साऱ्या लालबागला हे ठाऊक. मला कुणी सांगितलं नाही, आणि आपल्या डोक्यानं काही ओळखायची मला सवय नव्हती. त्या वर्षी मला उतरवलं. मी म्हटलं, जीव तोडून लढलो नाही तर दादाचा अपमान होईल. धोबीपछाड टाकला. दादा पाठीवर. मी छाती फुगवून टाळ्यांची वाट बघत राहिलो. हलगीसुद्धा थांबली होती.

दादा उठला, हसला, मला मिठी मारली. मीही हसलो. बैल!

दुसऱ्या दिवशी मुकादमानं मला फाटकातून परत पाठवलं. मावशीनं ताट मांडलं नाही. वर बघितलंही नाही. तालमीत गेलो तर दादा ओट्यावर पान लावत बसलेला.

"ये पैलवान," म्हणाला. "झोप."

तांबड्या मातीत उताणा झोपलो. तालमीतले सगळे एकामागून एक आले आणि माझ्या छातीवर पाय ठेवून पलीकडे गेले. परवा माझ्या पाठीला तेल चोळणारेही त्यात होते. शेवटी दादा आला. त्यानं पाय छातीवर नाही ठेवला. तोंडावर ठेवला.

"उद्या गिरणीच्या फाटकात उभा राहा. सगळ्यांना सांग, दादानं मला मुद्दाम पाडू दिलं. मग काम परत, ताट परत."

"हो दादा," मी म्हणालो. तोंडावर पाय असताना. माती त्याच दिवशी धुतली. ते 'हो' अजून निघालेलं नाही.

सकाळी फाटकात उभा राहिलो. भोंगा झाला. माणसं थबकली. दादा समोरच्या दुकानाच्या फळीवर बसला होता. मी शूर वगैरे नव्हतो. खरंच तेच वाक्य म्हणायचं होतं, कारण भूक लागली होती. "दादानं मला..." इथवर आलोही. मग दिसलं, दादा फळीवर बसून पाय हलवतोय. तोच पाय.

"दादानं मला काही दिलं नाही," मी ओरडलो. "मी त्याला पाडलं. परत उतरला तर परत पाडीन!"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. एवढंच. पण दादाला आजवर कुणी हसलं नव्हतं. मी त्याचं तोंड बघितलं. पाठीवर पडला तेव्हाही ते असं झालं नव्हतं.

पुढचं फारसं आठवत नाही, कारण पहिली काठी डोक्यातच बसली. हात मोडला, दोन दात गेले. ज्या मावशीनं ताट मांडलं नव्हतं तिनंच दोघांकडून मला उचलून मागच्या पडवीत आणलं, दाराला कडी घातली आणि डोक्यात हळद भरली.

"मावशी," मी म्हणालो, "पुढच्या नागपंचमीला मी परत उतरणार. त्याची पाठ मातीला लावणार. तोवर रोज त्या फाटकात उभा राहून सांगणार, की एकदा लावलीय. तो इथं आहे तोवर मी इथून हलत नाही."

मावशीनं तांब्या माझ्या तोंडाला लावला. अर्धं पाणी दातांच्या खिंडीतून मानेवर, तिथून उशीवर.

"मेल्या," ती म्हणाली, "दादाला मग पाड. आधी पाण्याचा घोट तरी आत ठेव."