नाव घेतलं की लेकरू झोपलं

पहिलेच सांगतो, मी भूतबित मानणारा माणूस नाही. मसणवटीतून बैलगाडी हाकली, चिंचेखाली झोपलो... काही दिसलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव पोरीनं वाचून दाखवले तवा मी म्हटलं होतं, "रिकामटेकडे लोक!" आता मीच लिहून राह्यलो. चौथी शिकलो, एका बोटानं टाईप करतो. चुकलं तं समजून घ्या.

घाटंजीहून पारव्याच्या रस्त्यानं गेलं की डाव्या हाताले माहं वावर आहे. धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, मोहाचं मोठं झाड. माही बायको शेवंता — तिचे गुडघे गेलेले, वाकून कापूस वेचणं जमे नाही. म्हून वेचणीच्या दिवसात ती मोहाखाली बसून बायांचे लेकरं सांभाळे. बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या, कोलामांच्या पोडावरच्या — पोड म्हंजे त्यांची वस्ती — अन् आमच्या गावातल्या बाया येत. सगळ्यांच्या झोळ्या त्याच झाडाले. शेवंता साऱ्या झोळ्यांच्या दोऱ्या एका हातात धरे अन् गाये.

पण सगळ्यांले एकच गाणं नाही हं. तांड्यावरच्या लेकराले गोरबोलीतलं, पोडावरच्याले कोलामीतलं. त्यांच्या मायांपासूनच शिकली होती. आपल्या गावातल्याले तिनंच जुळवलेलं —

नीज नीज, बोंड फुटलं,
मायच्या ओटीत चांदणं उतरलं...

आता तिची रीत आयका. लेकरू झोपलं की गाण्याच्या शेवटी त्याचं नाव घे, मोठ्यानं. तिकडं कापसाच्या तासात वेचणाऱ्या मायले नाव आयकू गेलं की ते समजे, झोपलं आपलं. एखाद्या लेकराले ताप असला, झोपू द्यायचं नसलं, तं माय वावरातूनच वरडे, "अजून नाही वं!" मंग शेवंता नाव घे नाही. लेकराले उचलून मांडीवर घे.

बोंडअळी आली त्या सालच्या पावसाळ्यात शेवंता गेली. पोटाचं दुखणं होतं. त्याच्याबद्दल मी लिहीत नाही.

हिवाळ्यात वावरात निरा किडका कापूस. वेचाले कोणी येईना, वेचून परवडेना. पोरगी वंदना माहेरी आलती, तिची परी तवा झोळीतली. मी, वंदी अन् तांड्यावरची धनीबाई, असे तिघंच गेलो. धनीबाई शेवंताची जुनी मैतरीण.

परीले झोळी बांधाले वंदीनं पेटीतून शेवंताचं हिरवं लुगडं आणलं. मीच म्हटलं, आण. नातीले आजीचं लुगडं, त्यात काय?

धनीबाईनं पाहिलं अन् थबकली. "भाऊ, गेलेल्या बाईच्या लुगड्याची झोळी बांधत नाही. ती बाई झोळी हलवाले येते."

मी हासलो. "येऊ दे ना. तेवढंच तिले काम."

"जिती होती तवा कमी काम लावलं का तुमी तिले?"

वंदीही हासली. परीचं आंग जरासं कोमट होतं, पण दात येऊन राह्यले असतील म्हून औषध पाजून झोळीत टाकलं अन् आमी वेचाले लागलो.

दुपार झाली. वारा बिलकूल नाही. आमी मोहापासून लांब गेलतो. धनीबाई मले चिडवून राह्यली होती, "भाऊ, कापूस वेचता का पऱ्हाटीले कुरवाळता?" — अन् बोलता बोलता गप झाली.

मोहाकडून गाणं येत होतं. गोरबोलीतलं.

वंदी म्हणे, "बाबा... मोबाईल तं माह्यापाशी आहे."

गाणं सरलं अन् नाव आलं — "देवली."

धनीबाई मटकन खाली बसली. देवली तिची पोरगी. त्याच झोळ्यांत वाढली होती. पहिल्या बाळंतपणात गेली.

मंग कोलामीतलं लागलं. शेवटी नाव आलं — "लिंगा." पोडावरचा लिंगा. भर जवानीत पान लागून, म्हंजे साप चावून, मेला, त्याले खांदा मी देलता.

त्या झाडाखाली किती लेकरं झोपले, आज बायकापोरांत नांदून राह्यले. त्यातल्या एकाचंही नाव नाही. जे गेले, निरे त्यायचेच घेऊन राह्यली होती.

तेवढ्यात तिसरं सुरू झालं.

नीज नीज, बोंड फुटलं...

आवाज तिचाच. 'चांदणं'वर दम तुटे तिचा, तसाच तुटला. झाडाखाली कोणी नाही. झोळी मात्र मोठमोठे झोके खाऊन राह्यली होती. वंदी पळाली, पण वावर लांब, पऱ्हाटी पायात येत होती. गाणं सराले आलं. मले समजलं, आता नाव येते.

मी छाती फुटेस्तोवर वरडलो, "अजून नाही वं! शेवंते, अजून नाही!"

गाणं तुटलं. झोळी थांबली... हळूहळू नाही, कोणी धरल्यावानी.

वंदीनं परीले काढलं तं आंग तव्यासारखं, डोळे फिरलेले, हातपाय ताठ. मोटरसायकलवर घाटंजीले नेलं. डॉक्टर म्हणे, ताप डोक्यात गेला होता, झोपली समजून तशीच ठेवली असती तं काही खरं नव्हतं.

परी आता शाळेत जाते.

वंदी म्हणे, "बाबा, ते लुगडं जाळून टाका." मी हो म्हटलं. पेटीतच आहे ते.

शेवंता न्याले आलती का सांगाले आलती, मले आजही समजलं नाही. कोणापाशी उत्तर असल तं लिहा.

कारण गाणं बंद झालं नाही. यंदा दुपारी, मी एकटा ओसरीवर असलो की पेटीच्या खोलीतून येते. देवली, लिंगा, अन् मंग 'नीज नीज'. शेवटपर्यंत येते अन् नावापाशी अडते.

जन्मभर तिनं माहं नाव घेतलं नाही. आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाही. 'आयकलं का' म्हणे, नाही तं 'वंदीचे बाबा'. म्हून अडून राह्यली असल.

मी भितो, खोटं कायले सांगू. पण परीसाठी वरडलो तसं अजून एकदाही वरडलो नाही.