अक्कांनी स्वतःच नेलेलं पत्र

आमच्या संस्थेतले किस्से सुरू केले की घरचे म्हणतात, "तू तिथे नोकरी करत होतीस की नाटक बघत होतीस?" काय सांगू! एक आठवला की मागून चार येतात. धुळ्यातली संस्था, क्षयरोग्यांना फुकट औषधं देणारी. साल अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वद असेल. मी आवक-जावक सांभाळायचे.

*

नाना आमचे अध्यक्ष, डॉक्टर सचिव. दोघांचं बिनसलं. टेबलं मात्र एकाच खोलीत! एके दिवशी डॉक्टरांनी मला पाकीट दिलं, "नानांना पाठवा." मी वळून म्हटलं, "नाना, घ्या." तर दोघंही ओरडले, "जावक नंबर कुठाय?" मी थक्क! पुढे कित्येक महिने मी शिक्का मारून पाच पावलांवर पत्रं पोचवत होते.

*

स्टाफ मीटिंगला नाना उभे राहिले. "संस्थेत काहीही झालेलं नाही," एवढंच बोलले आणि चहा सांगितला.

काही झालंय का, असं कोणी विचारलंच नव्हतं! दुपारपर्यंत आमच्यातल्या दोघांनी जळगावच्या डाळ मिलमध्ये अर्ज टाकले.

*

मग मुंबईहून देणगीदार बाई आल्या. नाना आणि डॉक्टर एकाच सोफ्यावर, दोघंही हसतमुख. बाईंनी सहज विचारलं, "पिंपळनेरचं केंद्र चालू राहील ना?"

"राहणार!" नाना म्हणाले.

"बंद!" डॉक्टर म्हणाले. दोघंही एकदमच.

मी हादरलेच. पिंपळनेरचं केंद्र बारा वर्षं एकट्या अक्का चालवत होत्या. नर्स त्याच, कंपाउंडर त्याच. त्यांच्या कानावर यातलं अक्षरही नव्हतं.

*

शेवटी बंदच ठरलं. अक्कांना सांगायचं कोणी? नाना म्हणाले डॉक्टरांनी, डॉक्टर म्हणाले नानांनी. झालं, मी पत्र टाइप केलं.

महिन्याची औषधं न्यायला अक्का एसटीने धुळ्याला आल्या. केंद्राचं टपाल तिकडे जाणाऱ्याच्याच हाती द्यायचं आणि तिथे नोंद झाल्याशिवाय फोडायचं नाही, हा आमचा नियम. अक्का शिस्तीच्या. स्वतःच्या नावाचं पाकीटही त्या केंद्रावर पोचूनच उघडायच्या.

नाना म्हणाले, "चहा घ्या, अक्का." डॉक्टर म्हणाले, "बसायला जागा मिळाली ना बसमध्ये?" संपलं! मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी मुकाट्याने सही घेतली आणि पाकीट पुढे केलं.

"काय शे बाई यामा?" अक्कांनी विचारलं.

"टपाल," मी म्हटलं. अजून लाज वाटते. त्यांनी पाकीट औषधांच्या पिशवीत जपून ठेवलं आणि स्टँडकडे निघाल्या.

*

सोमवारी सकाळी पिंपळनेरहून ट्रंककॉल आला. नानांनी रिसीव्हर उचलला. अक्कांचा आवाज एवढा मोठा की डॉक्टरांनीही मान वर केली.

"नाना, पत्र भेटनं. बठ्ठा पेशंट आंगनमा बठेल शेतस. मी त्यासले काहीच सांगेल नही. तुम्ही दोन्हीजन पिंपळनेरले ईसन सांगा. तोपावत कोनी उठाव नही!"