अडखळणाऱ्यांचा नवा पत्ता

मी तोतरा. आमचा तोतऱ्यांचा मराठी गट एका मोठ्या समाजमाध्यमावर होता. तिथे लिहायचं असतं, जीभ आड येत नाही. भायखळ्याच्या एक ताई नेहमी लिहायच्या, "आज कंडक्टरला स्टॉपचं नाव एका दमात सांगितलं." आम्ही टाळ्या पाठवायचो, सगळ्यांच्या आधी डोंबिवलीचे एक काका.

मग तोतरेपणा घालवणाऱ्या औषधांच्या जाहिराती घुसल्या. आमच्यातल्या एकाचा व्हिडिओ उचलून कुणीतरी त्याची टिंगल केली. तक्रारींना उत्तर नाही. लालबागचा माझा कॉम्प्युटरवाला मित्र म्हणाला, "अरे, विकेंद्रित नेटवर्कवर जाऊ. तिथे एक मालक नसतो. आपला छोटा सर्व्हर, आपले नियम, आणि बाकीच्या सर्व्हरवरच्यांशीही बोलता येतं."

मला पटलं. जुन्या गटावर नवा पत्ता टाकला, 'अडचण आली तर फोन करा' म्हणून माझा नंबर दिला आणि गट मीच चालवत असल्याने तिथलं लिहिणं सगळ्यांसाठीच बंद करून टाकलं. नाहीतर कोणी हललंच नसतं.

नवी जागा छान चालली. माणसं थोडी, पण मोकळी. दुसऱ्या सर्व्हरवरचे नागपूरचे, बेळगावचे तोतरे येऊन मिळाले. मी खुशीत होतो.

त्याच सुमारास परळच्या ऑफिसात असताना एका अनोळखी नंबरवरून फोन यायचे. उचलला की पलीकडे नुसता श्वास. एकदा वैतागून म्हणालो, "बोलायचं नसेल तर फोन कशाला करता?" आणि नंबर ब्लॉक केला. रागात मी अडखळत नाही.

दोन दिवसांनी वेगळ्याच नंबरवरून मेसेज आला. "भाऊ, फोन मीच करत होते, भायखळ्याची. सर्व्हर निवडा म्हणतात, कुठला ते कळत नाही. मेसेजच करणार होते, पण म्हटलं आपल्याच माणसाला फोन करून बघू. नाव निघालं नाही. हा भाचीचा नंबर आहे."

माझे कान तापले. मी 'हॅलो' म्हणेपर्यंत लोकांनी आयुष्यभर फोन ठेवले होते. आता मीच तसा वागलो होतो.

रविवारी गिरगावात एका हॉटेलात आम्ही भेटलो. माफी मागायला गेलो आणि 'मा'वरच अडकलो. ताईंनी माझं वाक्य पुरं केलं नाही, वाट पाहिली. मग म्हणाल्या, "रागात ब-बरं बोलता की!" मला हसू आलं नाही. मी त्यांच्या मोबाइलवर खातं उघडून दिलं.

"आणि डोंबिवलीचे काका?" त्यांनी विचारलं. "ते क-कुठे गेले?"

मला ठाऊक नव्हतं. कोण आलं ते मी मोजत होतो, कोण राहिलं ते कधी पाहिलंच नव्हतं.

जुन्या गटावरचं लिहिणं मी पुन्हा सुरू केलं. मित्र चिडला, "मग एवढी मेहनत कशाला केली रे?" नव्या जागेवर ताई आता नव्या लोकांना वाट दाखवतात. जुन्या जागेवर मी रोज सकाळी जाऊन जाहिराती काढतो. तिथे काही जण परतले. काका अजून आलेले नाहीत.