लचमाबाईची पहिली धार

दारूबंदी खात्याची जीप दारात आली की लोक मागच्या दाराने पळत. लचमाबाई आत्राम मात्र चुलीवर चहा ठेवायची. "फोडा भाऊ, तुमचं कामच हाये. पन चहा पिऊन फोडा," असं म्हणत ती आम्हा जवानांच्या हातात कपबशी द्यायची आणि मोहाच्या दारूची मडकी कुठे आहेत ते बोटाने दाखवायची. मी तिची भट्टी तीनदा फोडली आणि तिन्ही वेळा तिचा चहा प्यायलो. चहा चांगला असायचा, हे कबूल केलं पाहिजे.

मी निवृत्त होऊन पांढरकवड्याला स्थायिक झालो ती कापसाच्या वाताहतीची वर्षं. बोंडअळीने शेतं खाल्ली होती, वेचणीची मजुरी बुडाली होती आणि लचमाबाईच्या पोडावरची, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरची, तरणी माणसं कामासाठी तेलंगणात निघाली होती. तिच्या मुलानेही गाठोडं बांधायला घेतलं होतं. त्याच रस्त्याने वाघ पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या मात्र धुरळा उडवत जात.

मी तिला म्हटलं, "बाई, द्राक्षाची दारू कशी होते ते पाहायला लोक तिकीट काढून नाशकाला जातात. तू मोहाची भट्टी दाखव. मडक्यात नुसतं पाणी घाल, म्हणजे कायद्याची कटकट नाही."

"पान्याची भट्टी?" ती खरंच दुखावली. "भाऊ, तुमी मडके फोडले तवा मले येवढं वाईट नाई वाटलं."

अडचण वेगळीच होती. भट्टीची पहिली धार चुलीत सोडायची, ती वाडवडलांची. चूल भडकली की ती त्यांना पोचली. "त्यायले काय पानी पाजू?" ती विचारायची. पण मुलाचं गाठोडं दारात दिसलं तशी ती नरमली. मोहफुलं न आंबवता, त्याच दिवशी शिजवायची; वास येईल, नशा येणार नाही, अशी वाट तिनेच काढली.

गाड्या थांबू लागल्या. बांबूच्या नळीतून थेंब कसा येतो ते लोक मांडी घालून पाहत. पुण्याच्या एका गृहस्थांना त्या वासाच्या पाण्यानेच चढली. लचमाबाईने त्यांना ताक पाजलं. पाच घरांत भाकरी-भरीत रांधलं जाऊ लागलं, मोहाचे लाडू विकले जाऊ लागले. तिच्या मुलाने गाठोडं सोडलं.

मग एक नवे अधिकारी आले. वास घेताच म्हणाले, "ही दारूच आहे. आजपासून बंद." लचमाबाईने आधी त्यांना चहा दिला. मग भांड्यात जमलेली पहिली धार चुलीत ओतली. चूल चर्रकन विझली. साहेब स्वतःच हसले आणि जाताना लाडू घेऊन गेले.

सगळे टाळ्या पिटत होते. ती एकटी त्या विझल्या चुलीपुढे कान धरून बसली होती. मला हळूच म्हणाली, "भाऊ, माह्या टायमाले चूल विझवू नोका."

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तेराव्यासाठी खरी पहिली धार शोधत मी, दारूबंदीचा म्हातारा जवान, चार गावं हिंडलो. जो तो म्हणे, "नाई भाऊ, आमी तर कवाच सोडलं." माझी सगळी नोकरी माझ्या आडवी येत होती. शेवटच्या घरी एका म्हातारीने चहा ठेवला. मी तो संपवल्यावर तिने ज्वारीच्या कणगीतून लहानशी बाटली काढली.

"घ्या," ती म्हणाली. "फोडू नोका."

लचमाबाईच्या चुलीत मी ती धार सोडली. ज्वाळ अशी उसळली की माझ्या मिशा भाजल्या आणि सारं पोड हसलं. मीही हसलो. मग त्या तीन भट्ट्या आठवल्या, आणि मला पहिल्यांदाच त्यांचं वाईट वाटलं.