दर्शनाच्या रिक्षात देवराम कंडक्टर

आमच्या कळव्याच्या चाळीत देवरामदादा म्हणजे एस.टी.चा माणूस. एकतीस वर्षं कंडक्टर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी पाहुण्यांनासुद्धा "पुढे सरका" म्हणतात. त्यांच्या धाकट्या मुलीने, दर्शनाने, गेल्या वर्षी रिक्षा घेतली. परवान्याच्या अर्जापासून मी तिच्यासोबत, म्हणून राग माझ्यावरही.

"शिकलेली पोरगी स्टँडच्या लाइनीत उभी केलीस, हेमा!"

मी कुणाचं ऐकून घेत नाही. "दादा, तुम्ही एकतीस वर्षं बसमध्ये उभे होतात, ते चाललं?"

चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. मुलीच्या रिक्षात तर वर्षभर पाय ठेवला नाही. स्टँडवरच्या टपोऱ्यांना दर्शना पुरून उरायची. पण सकाळी ती निघाली की बाप तोंड फिरवायचा, ते तिला खुपायचं.

गेल्या रविवारी खडवलीला तिच्या थोरल्या बहिणीच्या, वैशालीच्या बाळाचं नामकरण होतं. मी दर्शनाच्या रिक्षातून गेले, दादा मुद्दाम ट्रेनने. परतताना वैशालीने नव्या तांदळाची गोणी बापाच्या पुढ्यात आणून टाकली.

"अप्पा, ही डोक्यावर नेणार का?"

दादांनी गोणीकडे पाहिलं, मग रिक्षाकडे.

"तांदळासाठी बसतोय. आणि मला कळवा नाक्यालाच उतरव. चाळीत न्यायचं नाही."

"बरं," दर्शना म्हणाली. आवाज पडला होता तिचा.

निघालो. भातं कापून झालेली, खाचरांत बगळे, पेंढ्यांवर पिवळं तिरकं ऊन. मी वैशालीने दिलेल्या वालाच्या शेंगा सोलत बसले. दादा बाहेर बघत होते, पण दर्शनाने गिअर नीट टाकला की मान हलायची. मी बघितलं ते.

काळू नदीच्या अरुंद पुलावर आम्ही अर्ध्यात असताना समोरून टेम्पो घुसला.

"ए बाई, मागे घे! येत नाही तर चालवते कशाला?"

मी बाही सारून उतरणार, तोवर दादाच खाली.

"पुलावर आधी कोण चढलं? डोळे आहेत ना? चल, मागे!"

तो कंडक्टरचा आवाज. टेम्पोवाल्याने मुकाट रिव्हर्स टाकला. दादा टेम्पोच्या अंगावर थापा मारत त्याला पार पुलाबाहेर घेऊन गेले. मग रुबाबात परत आले आणि सवयीने रिक्षाच्या टपावर दोनदा टकटक केलं. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा.

दर्शना लहानपणापासून त्याच बेलवर वाढलेली. तिने गाडी सोडली!

"अगं थांब, कंडक्टर खाली राहिला!" मी ओरडले.

मागे दादा धोतर सावरत धावताहेत, "अगं ए ड्रायव्हर!" टेम्पोवाला पोट धरून हसतोय. धापा टाकत दादा आत बसले आणि त्यांनाही हसू आवरेना. "एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं."

"बेल तुम्हीच दिलीत, अप्पा."

"दिली ना. ड्रायव्हरने पाळली. चूक माझी."

मग काय, कल्याण, शीळफाटा, तोंड बंद नाही. मुंब्रा बायपासच्या वळणावर खाली खाडी पसरली, तिवरांच्या कडेने चकाकत. "इथे जरा हळू घे," दादा म्हणाले, "बघू दे." तिने घेतलं.

कळवा नाक्याला दर्शनाने रिक्षा कडेला लावली. हँडल घट्ट धरलेलं.

"थांबलीस का?"

"तुम्हीच म्हणालात."

"हो, म्हणालो," दादांनी चाळीकडे बोट दाखवलं. "आत घे. दारापर्यंत."

चाळीच्या तोंडाशी शेजारचा मधु बसलेला. "काय दादा, पोरीच्या रिक्षात?"

"मग काय तुझ्या खांद्यावर बसू? गोणी उचल!"

दर्शनाने उगाचच लांबलचक हॉर्न वाजवला. एरवी मी भांडले असते.

दादा उतरून तिथेच घुटमळले. "परवा नौपाड्यात डोळे दाखवायचेत. किती वाजता निघशील?"

"दहाला स्टँडवर या," दर्शना म्हणाली. "आणि लाइनीत उभे राहा, अप्पा!"