बर्फावरची मेथी

भूगोल म्हटला की नरहर मास्तरांच्या अंगात वारं शिरायचं. बरकतपुऱ्याच्या मराठी शाळेत सायबेरियातल्या अरण्याचा धडा निघाला. तिथली जमीन आतून कायम गोठलेली, म्हणून झाडांची मुळं खाली न जाता आडवी पसरतात, हे पोरांना काही केल्या पटेना. हैदराबादच्या उन्हात वाढलेली पोरं ती, खुशाल हसली.

मास्तर पडले हट्टी. वर्गातल्या सुनीताचे वडील किशनराव बर्फाच्या कारखान्यात होते. त्यांनी रोज फुटका बर्फ गोणपाटात गुंडाळून आणायचा आणि त्यावर पसरट डबा ठेवून मास्तरांनी मेथी पेरायची, असं ठरलं.

साल छप्पन्न. हैदराबाद राज्याची तीन शकलं व्हायची होती आणि मराठी बिऱ्हाडं भराभर परभणी-औरंगाबादकडे निघाली होती. पोरं कमी पडली तर वर्ग बंद आणि मास्तरांची बदली परभणीला, असा वरून निरोप आला. घरी आई, पार्वतीबाई, अंथरुणाला खिळलेली. तिला हलवणं म्हणजे जिवाशी खेळ. मास्तरांचं अन्नावरचं मन उडालं, पण मेथी उगवली.

किशनरावांनी एक रोप उपटलं, तर गुंतलेल्या मुळांची अख्खी चटईच वर आली.

"खाली वाव नाही, म्हणून तिथली झाडंही अशीच एकमेकांत गुंतून राहतात," मास्तर म्हणाले. "एकटं झाड वाऱ्यानं आधी पडतं. बर्फ घसरावा म्हणून फांद्या उतरत्या, पाणी टिकावं म्हणून पानं सुईसारखी. सगळं थंडीनं घडवलेलं."

"तुम्ही गेले तर आमच्या पोरीला हे कोण सांगंल?" किशनराव म्हणाले. "वर्ग भरायचा जिम्मा माझा. फिकर नक्को!"

त्यांच्या वस्तीतले लोक पोरांना उर्दू शाळेत घालायच्या बेतात होते. किशनरावांनी घर न् घर पालथं घातलं. वर्ग भरला, बदली टळली.

मास्तरांनी त्यांना हाताला धरून घरी नेलं. त्या उंबऱ्याच्या आत किशनरावांच्या जातीचं कुणी कधी आलं नव्हतं आणि त्याची लाजही कुणाला वाटली नव्हती. पार्वतीबाईंचे डोळे वाहू लागले.

"तुमच्यामुळं मी माझ्या घरात मरेन हो. कसे फेडू उपकार? आज तुमच्या हातचं पाणी पाजा मला."

किशनराव अंथरुणाजवळ टेकले.

"पाजतो, माय. पण पहिले तुम्ही मला पाजा."

लेकाच्या आधारानं पार्वतीबाई उठून बसल्या. स्वतःच्या फुलपात्रात त्यांनी पाणी ओतलं. निम्मं सांडलं. उरलेलं किशनराव प्यायले आणि त्याच फुलपात्रात पार्वतीबाईंसाठी पाणी ओतू लागले.