झोपलेली तार

मालनला लहानपणापासून भीतीची सवय होती. घरचे सगळे ठाकुर्लीच्या चाळीत राहायचे तेव्हा ती अंथरुणात शिरण्याआधी स्टोव्हची चावी बघायची, मग पांघरुणातून उठून पुन्हा बघून यायची. आई, सगुणाबाई, म्हणायची, "अगं, तो स्टोव्ह तुझ्या धाकानेच विझतो." सगळे हसायचे. मालनही हसायची, आणि हसता हसता स्टोव्हकडे बघायची.

हीच मुलगी पुढे आयटीआयला गेली, ताप आणि दाब मोजणारी यंत्रं दुरुस्त करायला शिकली आणि कोलशेतच्या एका रसायनांच्या कारखान्यात पॅनलवर लागली. नातेवाइकांना नवल वाटलं. तिला वाटलं नाही. दिवसभर काट्यांवर नजर ठेवून बसायचं, कुठला काटा सरकतोय याची धास्ती घ्यायची. तिच्या भीतीला पहिल्यांदाच बसायला खुर्ची मिळाली होती.

पॅनलची खोली वरच्या मजल्यावर आणि भांडी खाली. रिअ‍ॅक्टरला तिथे सगळे भांडंच म्हणायचे. आत माल शिजून शांत झाला, ताप उतरला, की वरून निरोप जायचा, "भांडं झोपलं." मगच खालच्या माणसाने झाकणाच्या चाक्या, म्हणजे नट, पान्याने सोडायच्या आणि नमुना काढायचा. जागं भांडं उघडायचं नाही. नवा आलेला माणूस साहेबांची नावं शिकायच्या आधी हे शिकायचा.

तिचा धाकटा भाऊ नाथाही शिकला. त्याला कामाला मालननेच चिकटवलं होतं. तोवर ते बाळकुमला भाड्याच्या खोलीत राहायला आले होते. नाथाच्या कामाच्या पहिल्या सकाळी आई दारात उभी राहून म्हणाली, "हा उडाणटप्पू आहे, मालन. तू वर बसलेली आहेस म्हणून मी त्याला खाली पाठवतेय."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे का?" नाथा म्हणाला आणि शीळ घालत पुढे गेला. आईचं वाक्य मालनच्या छातीत राहिलं.

सत्त्याण्णव साली पॅनलवर कॉम्प्युटर आला. जुने काटे निघाले. भांड्याजवळच्या पेटीत नवी कार्डं बसली. ती ताप आणि दाब वाचून तारेतून वर पाठवू लागली. काटा सतत थोडा थरथरायचा, आणि ते थरथरणं मालनला जवळचं वाटायचं. पडद्यावरचा आकडा निश्चल असायचा.

कारखान्यातले तरुण इंजिनिअर त्र्यंबक पाध्ये यांनी तिला सगळं नीट समजावलं. "लाइट गेली की हे सगळं बॅटरीवर येणार, आणि बॅटरी लहान आहे. म्हणून तेव्हा काम नसलं की तार झोपते. खालचं कार्डही झोपतं. तेवढीच वीज वाचते."

"आणि आकडा?"

"शेवटचा आलेला दिसत राहतो, शेजारी पिवळा ठिपका येतो. तुम्ही बटण दाबलंत की तार जागी होते, मग कार्ड जागं होतं, दोघांची लय जुळते आणि नवा आकडा येतो."

"वेळ किती लागतो, साहेब?"

"आवंढा गिळाल तेवढा. बॅटरी उतरलेली असली तर पहिल्या हाकेला उठणार नाही. जरा जास्त लागेल."

"जरा म्हणजे?"

पाध्ये हसले, पण उत्तर टाळलं नाही. "ते मलाही अजून बघायचंय, मालनबाई."

त्या दिवसापासून पिवळा ठिपका तिला खुपू लागला. समोरचा आकडा खरा असतो, पण कधीचा खरा, ते कळत नाही. लाइट गेली की ती दर थोड्या वेळाने बटण दाबायची. नाथा चेष्टा करायचा, "ताई, बिचाऱ्याला झोपू दे ना! तुझ्यासारखं नसतं सगळ्यांचं."

पावसाळा सरल्यानंतरच्या एका दुपारी लाइट गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि बसला. गार पाण्याचे पंप थांबले, भांड्यातली ढवळणी थांबली. एरवी कारखान्याच्या आवाजात स्वतःचा श्वासही ऐकू येत नसे. आता ती शांतता कानांत दुखू लागली. मालन बटण दाबत राहिली. आकडे येत होते, दर वेळी थोडे उशिरा. मग फिटर जनरेटरची किल्ली मागायला आला. ती शोधून देईपर्यंत तिची पाठ पडद्याकडे होती.

परत वळली तेव्हा पडद्यावर तापाचे अठ्ठावन्न होते, शेजारी पिवळा ठिपका. तिने बटण दाबलं. आवंढा गिळून झाला. आकडा हलला नाही. पुन्हा दाबलं.

तेवढ्यात स्वतःच्या बॅटरीवर चालणारा इंटरकॉम वाजला. खालून नाथा.

"ताई, नमुन्याची वेळ झाली. काय म्हणतंय?"

"थांब, बघते."

"अगं, लवकर बोल ना. मास्क लावून उभा आहे, घामाने आंघोळ झाली."

तिची नजर ठिपक्यावर होती. मनात तारेशिवाय दुसरं काही नव्हतं. "अरे, झोपलंय—" ती म्हणाली. पुढे "जरा दम धर, उठू दे" असं म्हणायचं होतं.

"ओके!" नाथा म्हणाला आणि फोन ठेवला.

आपण काय बोललो ते तिला कळायला एक श्वास लागला. तिने इंटरकॉम लावला. खाली घंटा वाजत राहिली. नाथा फोनपासून निघाला होता, झाकणाकडे. भोंग्याचं बटण दाबलं. भोंगा विजेवरचा, तो मुका होता. आणि त्याच वेळी तार जागी झाली. अठ्ठावन्नच्या जागी ब्याण्णव आले. ती बघत असतानाच त्र्याण्णव.

मालन धावली. लोखंडी जिना उतरताना पायातली एक चप्पल निसटली. आईचा चेहरा डोळ्यांसमोर आला, तो तिने बाजूला सारला; त्याच्याकडे बघत बसली असती तर पाय उचलले नसते. भांड्याभोवतीच्या फळीवर नाथा पाठमोरा वाकला होता. हातात पाना. एक चाकी सुटून बाजूला ठेवलेली, दुसरीवर पाना चढलेला.

"नाथा! जागं आहे! भांडं जागं आहे!"

यंत्रं चालू असती तर तो आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नसता. त्या सुन्न शांततेत तो भिंतीवर आपटून परत आला. नाथाने मान वर केली. झाकणाच्या कडेतून बारीक फुस्स आवाज येत होता, त्याच्याबरोबर कडवट वास. त्याने पाना उलटा फिरवला. सुटलेली चाकी बसवताना ती दोनदा घसरली. मालनने वरच्या टाकीचं चाक धरलं आणि अंगातला सगळा जोर लावून फिरवलं. नळातून गार पाणी घळघळत भांड्याभोवतीच्या पोकळ कवचात, जाकिटात उतरलं.

भांड्यावर ताप दाखवणारी एक जुनी तबकडी अजून होती. दोघं तिच्याकडे बघत उभे राहिले. काटा चढला. थांबला. पुन्हा किंचित चढला. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो खाली यायला लागला.

नाथाने मास्क ओढून काढला. "तूच म्हणालीस ना, झोपलंय?"

"मी तारेचं म्हणत होते."

"तारेचं!" तो हसायला गेला. हसू अर्ध्यात तुटलं आणि तो तिथेच फळीवर बसला. "आईला नको सांगूस," म्हणाला. ती त्याच्या शेजारी बसली, एका पायात चप्पल नसलेली, आणि त्याच्या बाहीचं टोक मुठीत धरून राहिली.

संध्याकाळी पाध्ये आले. त्यांना तिने जसं घडलं तसं सांगितलं, स्वतःच्या शब्दासकट. "तारेची झोप बंद करता येईल," ते म्हणाले. "पण मग बॅटरी पटकन संपेल. मोठी मंजूर होईपर्यंत पडदाच काळा होईल."

"होऊ द्या. काळा झाला तर मला कळेल तरी की दिसत नाही."

पुढल्या वेळी लाइट गेली तेव्हा आकडे न थांबता येत राहिले, आणि बॅटरीची रेघ डोळ्यांदेखत खाली उतरत गेली. मालनचं काळीज तिच्याबरोबर उतरत होतं. पडदा विझला. तिने बॅटरीचा टॉर्च उचलला, चपलांचे पट्टे नीट चढवले आणि जिना उतरली. नाथा फळीवर होता, हात बांधून, पाना खाली ठेवून. त्याने एका बाजूला सरकून तिला जागा दिली. तिने तबकडीवर प्रकाश धरला आणि काट्यावरचा आकडा मोठ्याने वाचला. तो त्याने पुन्हा म्हणून दाखवला. तिने परत वाचला.